मागाहूनचें शहाणपण

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्यांचें अर्धें आयुष्य गेलें, त्यांना एका शब्दाचा कंटाळा आल्यावांचून राहत नाहीं. तो शब्द म्हणजे ‘अटळ’. पानिपतावरील प्रश्नाचें उत्तर लिहिणारा विद्यार्थी बहुधा पहिल्याच परिच्छेदांत सांगून टाकतो कीं, १४ जानेवारी १७६१ चा पराभव अटळ होता. मग रसद तुटली होती, मित्र दुरावले होते, यात्रेकरू व बायकामुलें यांचा भार सैन्यावर पडला होता, अशीं कारणें तो ओळीनें मांडतो. हीं कारणें खोटीं नसतात. परंतु तीं मांडतांना त्याच्या लेखणींत जो निश्चय असतो तो निकाल आधींच ठाऊक असल्यामुळें आलेला असतो. ज्यांना तो निकाल ठाऊक नव्हता अशा माणसांच्या मनांत शिरून पाहण्याचे श्रम त्यानें घेतलेले नसतात. गुण देतांना आम्ही हात आखडता घेतों तो यामुळेंच.

मागाहूनचें हें शहाणपण इतिहासाच्या वर्गापुरतेंच असतें तर त्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पण कायद्याची एक शाखा अशी आहे कीं, तींत याच दोषापायीं कोट्यवधि रुपयांचे निकाल फिरूं शकतात; आणि तो टाळण्यासाठीं न्यायाधीशांनीं पावणेदोनशें वर्षें जी धडपड केली तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. ही शाखा म्हणजे पेटंटचा कायदा. अलीकडे तींतील एका प्रकारच्या तंट्याकडे आमचें लक्ष वेधलें. दोन गांवीं बसलेल्या दोन माणसांनीं महाजालावरील एकच पान एकाच वेळीं पाहावें. एकानें पान बदललें कीं दुसऱ्याच्या पडद्यावरहि तें बदलावें. एकानें एखादी ओळ दाखविली तर ती दुसऱ्यालाहि दिसावी. दुकानाचा नोकर दूरच्या गिऱ्हाइकाला अर्ज भरावयास मदत करतो, शिक्षक घरीं बसलेल्या मुलांना धडा देतो, तेव्हां ही सोय आज सर्रास वापरली जाते. असल्या सहवाचनाच्या युक्त्यांवर अमेरिकेंत पेटंटें दिलीं गेलीं, आणि त्यांवरील वादांत एक प्रश्न हटकून येतो: ही युक्ति त्या विद्येंतील कोणाहि जाणत्या माणसाला सहज सुचण्याजोगी, उघडच, नव्हती काय?

प्रश्न सोपा दिसतो. परंतु ‘उघड’ म्हणजे कोणाला उघड, आणि केव्हां उघड, एवढें विचारलें कीं त्याची अडचण ध्यानांत येते.

पेटंट हा मुळांत एक सौदा आहे. शोधकानें आपली कृति जगापुढें सविस्तर लिहून ठेवावी; मोबदला म्हणून सरकारनें त्याला ठराविक मुदतीपुरती, सांप्रत अर्ज केल्यापासून वीस वर्षें, तिची मक्तेदारी द्यावी; आणि मुदत संपतांच ती कृति सर्वांची व्हावी. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १४७४ सालीं असा कायदा केला. इंग्लंडांत १६२४ च्या कायद्यानें राजाच्या लहरीनें वांटल्या जाणाऱ्या मक्तेदाऱ्यांस आळा घालून नव्या कृतींच्या शोधकांचा हक्क तेवढा राखला. या सौद्याची गोम अशी कीं, लोकांना मिळणारी वस्तु त्यांच्याजवळ पूर्वींच असतां कामा नये. जें लोकांचें आहे तेंच त्यांना देऊन त्याबद्दल मक्तेदारी घेणें ही लबाडी होय. म्हणून वस्तु ‘नवी’ असली पाहिजे, ही अट पहिल्यापासून आहे. परंतु ती एकटी पुरी पडत नाहीं. निळ्या पागोट्याच्या जागीं हिरवें पागोटें घातलें तरी तें नवेंच; तेवढ्यासाठीं वीस वर्षें दुसऱ्या कोणाला हिरवें पागोटें घालूं न देणें हें कोणाच्याहि न्यायबुद्धीला पटणार नाहीं.

ही अडचण ज्यांनीं फार लौकर ओळखली त्यांत अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन हे एक होत. १७९० च्या पहिल्या अमेरिकन कायद्याप्रमाणें पेटंटांचे अर्ज ज्या मंडळाकडे जात त्यांत परराष्ट्रमंत्री या नात्यानें ते स्वतः होते. ऑलिव्हर इव्हान्स नांवाच्या एका कल्पक गृहस्थानें पिठाच्या गिरणींत धान्य व पीठ मजुराच्या हाताशिवाय वर चढविणारी यंत्रणा बसविली होती. तींत पट्ट्याला लावलेल्या लहान लहान डब्यांची एक माळ असे. त्याच्या पेटंटाची फी गिरणीवाल्यांस जाचूं लागली, तेव्हां बाल्टिमोरच्या आयझॅक मॅक्फर्सन यांनीं जेफर्सन यांचें मत विचारलें. १३ ऑगस्ट १८१३ च्या उत्तरांत जेफर्सन यांनीं दाखवून दिलें कीं, डब्यांची असली माळ पुराणकाळापासून पाणी वर काढण्यास वापरली जात आहे. ज्यानें विहिरीवरचें रहाटगाडगें पाहिलें आहे अशा आपल्याकडील वाचकाला हें निराळें सांगावयास नको. लेखणीला टोंक काढण्यासाठीं कोणीं चाकू शोधून काढला, तर त्याच चाकूनें शिसपेन्सिलीला टोंक काढण्याचें पेटंट दुसऱ्याला मिळूं नये. समुद्रावरील होकायंत्र जमिनीच्या मोजणीला लावणारास तें शोधल्याचें श्रेय नाहीं. असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. जुन्या साधनाला नवें काम सांगितल्यानें तें साधन नवें होत नाहीं, हें तत्त्व या पत्रांत स्वच्छ मांडलेलें आहे. मात्र इव्हान्स यांच्यावर अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, रहाट जुना असला तरी त्याच्या व इतर साधनांच्या जुळणीनें धान्य आंत घेण्यापासून पीठ गार करण्यापर्यंत आपोआप चालणारी जी गिरणी झाली, तिचें श्रेय त्यांचेंच. जुने तुकडे आणि नवी जुळणी यांतील हा झगडा पुढें सर्व काळ चालू राहिला.

या तत्त्वाला न्यायालयाची मोहोर मिळाली ती दाराच्या मुठीच्या खटल्यांत. हॉचकिस व त्यांचे दोन सहकारी यांनीं १८४१ मध्यें मातीच्या किंवा चिनी मातीच्या मुठींचें पेटंट घेतलें. मुठीचा आकार जुना, तींत धातूचा दांडा बसविण्याची रीत जुनी, आणि चिनी मातीहि जुनीच. नवें काय, तर लांकूड व धातु यांच्या जागीं माती आली एवढेंच. ओहायोंतील ग्रीनवुड यांनीं तशाच मुठी केल्या व प्रकरण कोर्टांत गेलें. १८५१ सालीं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, धंद्याची माहिती असलेल्या सामान्य कारागिराच्या अंगीं जें कौशल्य असतेंच त्याहून अधिक कांहीं या कृतींत दिसलें पाहिजे. न दिसल्यास तें निष्णात कारागिराचें काम समजावें, शोधकाचें समजूं नये. न्यायमूर्ति वुडबरी यांना हें पटलें नाहीं. वस्तु नवी आहे आणि पूर्वीपेक्षां चांगली व स्वस्त झाली आहे, एवढें सिद्ध झाल्यावर ती करावयास बुद्धि किती लागली याचें माप कशाला घ्यावें, असा त्यांच्या भिन्न मताचा रोख होता. तें मत मागें पडलें. पण त्यांतील शंका कधींच पूर्णपणें मिटली नाहीं.

या निकालानें कायद्याला जो ‘सामान्य कारागीर’ मिळाला, तो एक चमत्कारिक पुरुष आहे. तो कोठेंहि राहत नाहीं. आपल्या धंद्यांत जें जें प्रसिद्ध झालें आहे तें सर्व त्याला ठाऊक असतें, असें गृहीत धरतात. मात्र प्रतिभा त्याला दिलेली नसते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, तो एका ठराविक तारखेला उभा असतो. त्या तारखेनंतरचें कांहींहि त्याला ठाऊक असतां कामा नये. न्यायाधीशानें अशा माणसाच्या डोळ्यांनीं पाहावें, अशी कायद्याची अपेक्षा आहे. इतिहासकाराला त्याचे गुरु पहिल्या दिवशीं जें सांगतात तेंच हें. आणि तें किती अवघड आहे हें त्याला अखेरच्या दिवसापर्यंत जाणवत असतें.

पुढील शंभर वर्षांत हें माप एकसारखें राहिलें नाहीं. १९४१ सालीं मोटारींतील सिगारेट पेटविण्याच्या साधनाच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें असा सूर लावला कीं, शोधांत प्रतिभेची चमक दिसली पाहिजे. पेटंटें इतकीं पटापट रद्द होऊं लागलीं कीं, १९४९ मध्यें न्यायमूर्ति जॅक्सन यांनीं एका भिन्न मतांत उपरोधानें म्हटलें, जें पेटंट अद्याप आपल्या कोर्टाच्या हातीं लागलेलें नाहीं तेवढेंच वैध समजावयाचें. ‘प्रतिभेची चमक’ हा शब्दप्रयोग काव्यचर्चेंत शोभेल. परंतु ज्यानें दहा वर्षें भट्टीपाशीं घाम गाळून एक मिश्रधातु तयार केला त्याच्यावर तो अन्याय करतो. म्हणून १९५२ च्या कायद्यांत प्रथमच ही अट शब्दांत बांधण्यांत आली: शोध लागण्याच्या वेळीं तो त्या विद्येंतील सामान्य कुशल माणसाला एकंदरींत उघड वाटला असता तर त्याला पेटंट नाहीं, आणि शोध कोणत्या रीतीनें लागला, क्षणांत कीं कष्टानें, यावरून पेटंट नाकारूं नये.

या कलमाचा अर्थ सुप्रीम कोर्टानें १९६६ सालीं नांगराच्या खटल्यांत लावला. ग्रॅहॅम यांनीं खडकाळ जमिनींत दगड लागला असतां नांगराचा दांडा मोडूं नये, त्यानें लवून पुन्हां जागेवर यावें, अशी पकड केली होती. जॉन डीअर कंपनीशीं त्यांचा वाद होता. कोर्टानें पेटंट अवैध ठरविलें. परंतु त्याहून महत्त्वाची आहे ती त्यानें घालून दिलेली रीत. आधीं जुनी विद्या कोठवर आली होती तें पाहा. नव्या कृतींत व तींत फरक काय तो पाहा. त्या धंद्यांतील माणसांची तयारी किती होती तें पाहा. आणि याखेरीज, त्या वस्तूची उणीव लोकांना किती दिवस भासत होती, इतरांनीं प्रयत्न करून हात टेकले होते काय, वस्तु बाजारांत येतांच तिचें स्वागत कसें झालें, हेंहि पाहा. वाचकांच्या लक्षांत येईल कीं, ही न्यायाधीशाला दिलेली इतिहासकाराची शिकवण आहे. स्वतःच्या मनाला ‘हें सोपें होतें काय?’ असें विचारूं नये, कारण तें मन निकाल जाणतें. त्या वेळच्या माणसांनीं काय केलें, काय म्हटलें, याचा समकालीन पुरावा विचारावा.

असा पुरावा कसा उपयोगी पडतो हें त्याच दिवशींच्या दुसऱ्या एका निकालांत दिसून आलें. बर्ट ॲडॅम्स यांनीं मॅग्नेशियम व तांब्याचें एक क्लोराइड घेऊन, साधें पाणी ओततांच चालूं होणारी विजेची बॅटरी बनविली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ती त्यांनीं सरकारला दाखविली तेव्हां लष्कराच्या तज्ज्ञांचा तिच्यावर विश्वास बसला नाहीं. पुढें सरकारनें तीच बॅटरी वापरली, आणि पैसे मागतांच सांगितलें कीं, तींतील प्रत्येक द्रव्य जुनें आहे, सबब शोध उघडच होता! कोर्टानें ॲडॅम्स यांचें पेटंट कायम केलें. ज्या तज्ज्ञांनीं ती गोष्ट पूर्वीं अशक्य मानली त्यांच्याच बाजूनें ती सोपी होती असें म्हणणें शोभणारें नव्हतें.

कोलंबसाच्या अंड्याची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. अंडें उभें करून दाखवा, असें त्यानें जेवणास बसलेल्या सरदारांस म्हटलें, कोणालाहि जमेना, त्यानें टोंक किंचित् ठेंचून तें उभें केलें, तेव्हां ‘यांत काय मोठेंसें!’ असें सर्वजण म्हणाले. गंमत अशी कीं, बेंझोनीनें १५६५ मध्यें कोलंबसाच्या नांवावर छापलेली ही गोष्ट त्यापूर्वीं १५५० मध्यें व्हासारीनें फ्लॉरेन्सच्या घुमटाचा शिल्पी ब्रुनेलेस्की याच्याविषयीं सांगितलेली आहे. मागाहूनचें शहाणपण शिकविणाऱ्या गोष्टीलाच पूर्वींचा मालक निघावा, हें पेटंटच्या वकिलांना आवडण्याजोगें आहे. पण वकील दोन्ही बाजूंना असतात, आणि या गोष्टीचा गैरवापरहि होतो. प्रत्येक अंडें उभें करणारा कोलंबस नसतो. कांहीं अंडीं घरोघरीं रोज उभीं केलीं जात असतात.

१९८२ सालीं पेटंटांच्या अपिलांसाठीं अमेरिकेंत एक स्वतंत्र न्यायालय झालें. मागाहूनच्या शहाणपणाची त्यास इतकी धास्ती कीं, दोन जुन्या वस्तु एकत्र आणणें उघड होतें असें म्हणावयाचें असेल तर तशी सूचना पूर्वींच्या लेखनांत किंवा त्या धंद्याच्या ज्ञानांत दाखवा, असा आग्रह तें धरूं लागलें. हेतु चांगला होता. पण हळूहळू त्याला कर्मठपणाचें रूप आलें. जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती कोणी लिहून ठेवीत नाहीं, हें आम्हां इतिहासवाल्यांना चांगलें माहीत आहे. अखेर ३० एप्रिल २००७ रोजीं सुप्रीम कोर्टानें मोटारीच्या पायपट्टीच्या खटल्यांत, म्हणजे केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या प्रकरणांत, एकमतानें हा कर्मठपणा मोडला. मागेंपुढें सरकविण्याजोगी पट्टी जुनी होती, तिची हालचाल विजेनें कळविणारें साधनहि जुनें होतें. मोटारींत विजेची यंत्रणा येत असतां दोहोंची सांगड घालणें हें ओघानेंच आलें. सामान्य कारागीर हाहि थोडी कल्पकता असलेला माणूस आहे, त्याला कळसूत्री बाहुलें समजूं नये, असा या निकालाचा गाभा.

आतां महाजालाकडे वळूं. २००७ च्या निकालानंतर वर्षभरानें, जुलै २००८ मध्यें, अपील न्यायालयापुढें म्युनिऑक्शन विरुद्ध टॉमसन हें प्रकरण आलें. नगरपालिकांच्या कर्जरोख्यांचा लिलाव ब्राउझरमधून करण्याची ही योजना, अर्ज १९९८ च्या सुमाराचा. ज्यूरीनें पेटंट वैध धरून सुमारें ३ कोटी ८५ लाख डॉलर भरपाई दिली होती आणि खालच्या कोर्टानें तो आंकडा जवळजवळ दुप्पट केला होता. अपिलांत मुख्य कलमें अवैध ठरलीं. रोख्यांवर संगणकानें बोली लावण्याची पद्धत पूर्वींच होती. ती ब्राउझरमध्यें नेणें हें, त्या काळीं सगळे व्यवहार महाजालावर जात असतां, उघडच होतें. जेफर्सन यांचा चाकू लेखणीवरून पेन्सिलीकडे गेला होता, तो येथें कागदावरून पडद्याकडे आला.

मग सहवाचनाचें काय? समकालीन पुरावा पाहतां, दोन माणसांनीं दूर राहून एकच लेख पडद्यावर पाहण्याची कल्पना महाजालाहून बरीच वडील आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजीं डग्लस एंगलबार्ट यांनीं सॅनफ्रॅन्सिस्को येथें एका परिषदेंत जें प्रात्यक्षिक दाखविलें, त्यांत सुमारें तीस मैलांवरील मेन्लो पार्क येथील त्यांचा सहकारी व ते स्वतः एकाच मजकुरावर काम करीत होते. दोघांचीहि खूण पडद्यावर फिरत होती आणि सहकाऱ्याचा चेहरा कोपऱ्यांत दिसत होता. पुढें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनगृहांत १९८० नंतरच्या दशकांत बैठकीची एक खोली सजविण्यांत आली, तिचें सूत्रच असें होतें कीं, जें तुम्हांला दिसतें तेंच मला दिसावें. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेंत महाजालाची योजना मांडली ती १९८९ सालीं, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं संस्थेनें ती सर्वांस खुली केली. तेव्हां ‘अनेकांनीं मिळून एक पान पाहावें’ ही इच्छा पुढील काळांत कोणीं आपली म्हणून सांगितली तर तें टिकणारें नाहीं.

परंतु येथेंच आपल्या मागाहूनच्या शहाणपणाला लगाम घातला पाहिजे. इच्छा उघड असली म्हणून मार्गहि उघड असतो असें नाहीं. आकाशांत उडण्याची इच्छा कोणाला नव्हती? सहवाचनाचा पहिला मार्ग म्हणजे एकानें दुसऱ्याकडे पानाचा पत्ता धाडावा व त्याच्या ब्राउझरनें तें पान उघडावें. हा फारच सोपा. पण तो लौकरच अडतो, कारण आजचें पान माणसागणिक निराळें तयार होतें. खातेदाराला त्याचें खातें दिसतें, त्याच पत्त्यावर गेलेल्या परक्याला दाराशीं अडविलें जातें. दुसरा मार्ग, पडद्याचें चित्रच पाठवावें. मग पडद्यावरचें खाजगी तें सगळें दुसऱ्याला दिसतें, आणि चित्राचा भार तारेला पेलवावा लागतो. तिसरा, मध्यें एक यंत्र बसवून दोघांचेंहि पान त्याच्यामार्फत आणावें, व गुप्त रकाने झांकून बाकीचें जुळवावें. यांपैकी कोणता मार्ग, कोणत्या वर्षीं, त्या विद्येंतील माणसाला सहज सुचण्याजोगा होता, हें प्रत्येक खटल्यांत तारीखवार पुराव्यानेंच ठरलें पाहिजे. ‘दोघांनीं पान पाहणें यांत काय मोठेंसें’ असें म्हणणारा न्यायाधीश आणि ‘पानिपत अटळ होतें’ असें लिहिणारा विद्यार्थी यांची चूक एकच.

पुरावा मिळाला नाहीं, अथवा मिळूनहि पुढें येऊं दिला नाहीं, तर काय होतें? याचें उत्तर ब्राउझरच्याच एका विख्यात खटल्यांत आहे. पानाच्या पोटांत दुसरा कार्यक्रम चालविण्याच्या योजनेचा अर्ज ऑक्टोबर १९९४ मध्यें झाला, व १९९८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नांवें पेटंट मिळालें. त्याचा व्यवहार ईओलास या कंपनीकडे होता. २००३ मध्यें ज्यूरीनें मायक्रोसॉफ्टवर सुमारें ५२ कोटी डॉलरांची भरपाई बसविली. परंतु त्याच विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत शिकलेल्या पेइ-युआन वेइ या तरुणानें व्हायोला नांवाचा ब्राउझर केला होता, आणि ७ मे १९९३ रोजीं, म्हणजे त्या अर्जाच्या सव्वा वर्षाहून अधिक आधीं, दुसऱ्या एका कंपनीच्या अभियंत्यांना त्यानें तो दाखविलाहि होता. हा पुरावा खालच्या कोर्टानें ज्यूरीपुढें येऊंच दिला नाहीं. २००५ मध्यें अपील न्यायालयानें ती चूक दुरुस्त केली. पुढें त्या दोन पक्षांत तडजोड झाली. इतर कंपन्यांवरील दाव्यांत फेब्रुवारी २०१२ मध्यें टेक्ससमधील टायलर गांवीं वेइ व बर्नर्स-ली या दोघांच्याहि साक्षी झाल्या. ज्यूरीनें वादग्रस्त कलमें अवैध ठरविलीं, आणि २०१३ सालीं अपिलांतहि तोच निकाल कायम झाला.

येथील मुद्दा उघडपणापेक्षां अग्रहक्काचा अधिक होता, हें खरें. तथापि त्यांतून एक गोष्ट कळून येते. मक्तेदारी मागणारा आपले कागद जपून ठेवतो, कारण त्यांवर त्याचा पैसा अवलंबून असतो. जो आपली कृति सहज दाखवितो, वांटून टाकतो, तो कागद जपत नाहीं; त्याला वकील नसतो आणि त्याच्या देणगीचा वारस जो सर्वसामान्य समाज, तो कोर्टांत हजर नसतो. कारागिरांच्या सामान्य कौशल्याचा सांठा ही सर्वांची पुंजी आहे. पण तिची नोंद ठेवणारा तलाठी कोणीच नाहीं. वेइ साक्षीला उभा राहिला नसता, त्याच्या जुन्या कार्यक्रमाच्या प्रती उरल्या नसत्या, तर त्या पुंजीचा एक तुकडा कायमचा कुंपणाआड गेला असता.

आपल्या देशाचा कायदा याच परंपरेंतला आहे. १९७० च्या पेटंट कायद्यांत शोधास कल्पकतेचें पाऊल लागतें, आणि तें त्या विद्येंतील कुशल माणसाला उघड नसावें अशी आतां व्याख्याच आहे. निव्वळ संगणक-कार्यक्रमाला तर तो कायदा शोध मानीतच नाहीं. आमच्या सुप्रीम कोर्टानें डिसेंबर १९७८ मध्यें भांडीं कांतण्याच्या खटल्यांत याचा खल केला. पितळेचें भांडें लेथवर धरून ठेवण्याच्या एका योजनेचें पेटंट होतें. ठाऊक असलेल्या भागांचीच ती जुळणी, कारखान्यांतील रोजच्या सुधारणेपलीकडे तींत कांहीं नाहीं, असें ठरून तें पेटंट गेलें. दाराची मूठ, नांगर, पायपट्टी, भांडें, ब्राउझर: वस्तु बदलत गेल्या, प्रश्न तोच राहिला.

या सर्व इतिहासांत आम्हांस दोन भयें समोरासमोर उभीं दिसतात. माप फार सैल धरलें तर सर्वांचें रहाटगाडगें एका सावकाराच्या वाड्यांत जातें; फार कडक धरलें तर तज्ज्ञांनीं वेड्यांत काढलेला ॲडॅम्स, यशस्वी झाल्याच्या अपराधाबद्दल, रिकाम्या हातानें परत जातो. दोहोंच्या मधून नेणारा नियम आजवर कोणाला सांपडलेला नाहीं, आणि सांपडेल असेंहि वाटत नाहीं. जो उपाय हातीं आहे तो नियमापेक्षां संवयीच्या जातीचा आहे: तारीख निश्चित करावी, त्या तारखेला काय लिहिलें, केलें व बोललें जात होतें तें शोधावें, आणि आपल्याला पुढचें ठाऊक आहे ही गोष्ट क्षणभरहि विसरूं नये. ही संवय न्यायाधीशाला एका खटल्यापुरती लावून घ्यावी लागते. इतिहासाच्या शिक्षकाला ती दर वर्षीं नव्या मुलांना लावावी लागते.

या वाचनाचा आमच्यापुरता एक परिणाम झाला आहे. पानिपतच्या पराभवाचीं कारणें लिहा, हा प्रश्न आम्हीं या वर्षापासून सोडून दिला. त्याऐवजीं, त्या दिवशीं सकाळीं छावणी सोडतांना भाऊसाहेबांना काय ठाऊक होतें आणि काय ठाऊक नव्हतें तें लिहा, असें आम्ही विचारतों. उत्तरें पूर्वीपेक्षां तोकडीं येतात, गुणहि कमी पडतात. पण ‘अटळ’ हा शब्द अजून एकाहि उत्तरपत्रिकेंत दिसलेला नाहीं.